सेक्टर १०, पण कुठलं?

वाशीत रिक्षात बसून नुसतं "सेक्टर दहा" म्हटलं तरी पुरतं. पण ऐरोलीत, नेरुळात, खारघरलाही सेक्टर १० आहेच. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने १९७० पासून हे शहर तुकड्यातुकड्यांनी आखलं, प्रत्येक तुकड्याला 'नोड' म्हटलं आणि प्रत्येक नोडमध्ये सेक्टरांची मोजणी पुन्हा एकपासून धरली. संगणकांच्या जाळ्यातही नोड असतात, आणि नवल म्हणजे तिथेही हीच युक्ती आहे. १०.०.१.५ हा पत्ता या क्षणी जगातल्या कितीतरी यंत्रांचा असेल. १९९६ च्या एका मानकाने पत्त्यांचे तीन पट्टे खासगी म्हणून राखून ठेवले. ते ज्याने त्याने आपल्या आवारात खुशाल वापरावेत, पण आवाराबाहेर त्यांना अर्थ नाही. घरच्या वायफायचा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता त्यातलाच.

हे साम्य मला दिसलं ते 'पॅकर'शी झुंजताना. मिचेल हाशिमोतो यांनी २०१३ मध्ये आणलेलं हे अवजार क्लाउडमधल्या यंत्रांच्या 'इमेज' बनवतं. इमेज म्हणजे सगळं बसवून तयार असलेल्या यंत्राचा साचा. त्यावरून हवी तेवढी यंत्रं उभी करा. पॅकरची कामाची रीत विलक्षण आहे. ॲमेझॉनच्या क्लाउडवर ते एक यंत्र भाड्याने उठवतं, त्याच्यासाठी तात्पुरती किल्ली घडवतं, तात्पुरता 'सिक्युरिटी ग्रुप' म्हणजे पहारा बसवतं, एसएसएच या दूरप्रवेशाच्या पद्धतीने आत शिरून सामान मांडतं, यंत्र थांबवून त्याचा साचा काढतं, आणि मग यंत्र, किल्ली, पहारा सगळं मोडून टाकतं. अवघ्या काही मिनिटांचं आयुष्य!

या मिनिटांत सगळ्यात नाजूक क्षण आत शिरण्याचा. पॅकर मुळात पाच मिनिटं वाट पाहतं आणि मग पडद्यावर उमटतं: 'टाइमआउट वेटिंग फॉर एसएसएच'. वाचणाऱ्याला वाटतं, यंत्र बिघडलं. बहुतेकदा यंत्र ठणठणीत असतं, त्याच्यापर्यंत जाणारी वाट नसते.

मी पॅकरला माझं स्वतःचं सबनेट, म्हणजे जाळ्यातला पत्त्यांचा एक तुकडा, सांगितलं होतं. काही न सांगता ते ॲमेझॉनच्या आयत्या जाळ्यात, १७२.३१ च्या पट्ट्यात, यंत्र उठवतं आणि तिथे बाहेरून पोचता येईल असा पब्लिक पत्ता आपोआप मिळतो. स्वतः आखलेल्या सबनेटमध्ये तो मागावा लागतो. मी मागितला नव्हता. माझं यंत्र १०.०.१ च्या पट्ट्यात सुखात बसलं होतं आणि मी वाशीतून नोडचं नाव न सांगता नुसतं "सेक्टर दहा" म्हणत होतो. पब्लिक पत्ता दिला. तरी शांतता.

इथे मला खाडी आठवली. ठाणे खाडीवरचा पहिला पूल १९७३ मध्ये झाला, लोकल वाशीत आली १९९२ मध्ये. नकाशावर शहर त्याआधीच होतं, पण मुंबईतून येणाऱ्याला पूल हवा आणि पुलापर्यंत नेणारा रस्ताही हवा. क्लाउडमध्ये पूल म्हणजे इंटरनेट गेटवे. तो मी जोडलेला होता. मात्र सबनेटच्या राउट टेबलमध्ये, म्हणजे वाटांच्या यादीत, '०.०.०.०/०' ही ओळच नव्हती. तिचा अर्थ एवढाच: ज्याची वाट माहीत नाही ते सगळं या पुलाकडे धाडा. पूल उभा, रस्ता त्याला जोडलेला नाही.

वाट असली तरी पहारा अडवू शकतो, आणि पहाऱ्याचे प्रकार तर मला फार आवडतात. सिक्युरिटी ग्रुप सोसायटीतल्या जुन्या वॉचमनसारखा: आत सोडलेला माणूस त्याला आठवतो, परत जाताना तो अडवत नाही. सबनेटच्या वेशीवरचा 'नेटवर्क एसीएल' मात्र काहीच लक्षात ठेवत नाही. तुमची हाक २२ क्रमांकाच्या दाराने, म्हणजे पोर्टने, आत जाते, पण उत्तर तुमच्याकडच्या वरच्या क्रमांकाच्या कुठल्यातरी दारी परतायचं असतं. म्हणून बाहेर जाताना १०२४ ते ६५५३५ ही दारं मोकळी ठेवावी लागतात. नाहीतर यंत्र उत्तर देतं आणि ते वेशीतच गळून पडतं.

म्हणून उत्तराची जात ओळखायला शिकावं. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' ही चांगली बातमी आहे: तुम्ही घरापर्यंत पोचलात, आतून कोणीतरी नाही म्हणालं, बहुधा एसएसएच अजून उठलेलं नाही. 'हँडशेक फेल्ड' त्याहून चांगली: दार उघडलं, किल्ली किंवा नाव चुकलं, 'उबुंटू'च्या जागी 'ईसी२-यूझर' लिहिलं की असं होतं. निव्वळ शांतता असेल तेव्हाच वाट तपासत बसावं.

अडचण अशी की हरल्यावर पॅकर यंत्र मोडतं आणि पुरावाही जातो. 'ऑन-एरर' या पर्यायाला 'आस्क' सांगितलं की ते मोडण्याआधी थांबून विचारतं. मी थांबवलं, राउट टेबल उघडलं आणि ती एक ओळ लिहिली. पुन्हा चालवलं. काही सेकंदांनी उमटलं, 'कनेक्टेड टू एसएसएच!' वाशीतल्या माझ्या टेबलावरून मी अशा एका यंत्रात शिरलो होतो, जे थोड्याच वेळात उरणार नव्हतं. साचा तेवढा राहिला.