झाडं लावलेलं मैदान

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या टेबलावर एक जंगल सपशेल फसलं. जंगल मीच बनवलं होतं, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कुणी नाही.

टेबल म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण मंडळातल्या बऱ्याच जणांना हा खेळ माहीत नसेल. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ बाजारात आला. या जातीच्या खेळांत चार-पाच जण बसून तोंडी गोष्ट रचतात. प्रत्येकाचं एक पात्र. उरलेलं सगळं जग, म्हणजे राक्षस, राजे, पाऊस, वाण्याचं दुकान, एकटा डंजन मास्टर सांभाळतो. पात्राला काही अवघड करायचं असलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आमच्या गटात डंजन मास्टर मी. खेळतो मराठी-हिंदी मिसळून, इंदुरात दुसरं काय होणार!

तर माझ्या जंगलात झुडपांमागून सहा गॉब्लिन निघाले. पोरांनी फासे टाकले, पाऊण तासात सहाही मेले. एक मैत्रीण फासे गोळा करत म्हणाली, “भिया, यात जंगल कुठे होतं? हे तर झाडं लावलेलं मैदान.” बरोबर होतं तिचं. हीच मारामारी सराफ्याच्या गल्लीत झाली असती तरी काही फरक पडला नसता.

त्यानंतर मी चोरल-पाताळपाणीच्या रानात दोनदा जाऊन आलो, एकदा मार्चमध्ये आणि एकदा ऑगस्टमध्ये. मार्चमध्ये सागाची पानं गळालेली असतात. ताटाएवढी वाळकी पानं, पाय ठेवला की पापड मोडल्यासारखा आवाज. लांबवर दिसतं, पण चोरपावलांनी कुणालाच चालता येत नाही, तुम्हालाही नाही आणि शत्रूलाही नाही. ऑगस्टमध्ये उलटं. जमीन मऊ, पाऊल वाजत नाही, आणि वीस पावलांपलीकडे नुसता हिरवा पडदा. खेळाच्या नियमांत मोठ्या धनुष्याचा पल्ला दीडशे फूट आहे. त्या पल्ल्याचा ऑगस्टमध्ये उपयोग काय? समोरचा दिसेपर्यंत तो अंगावर आलेला असतो. तेव्हापासून राक्षस कोणता हे मी नंतर ठरवतो. आधी ऋतू कोणता आणि भेट किती अंतरावर होणार, ते लिहून ठेवतो. अर्धी अडचण तिथेच तयार होते.

दुसरी गोष्ट, रान आधी सांगतं. बिबट्या दिसायच्या आधी वानर झाडावरून खाकरतं, चितळ ओरडतं. पाताळपाणीला तुम्ही कोरड्या दगडावर बसलेले असता, पाऊस मात्र वरच्या अंगाला पडत असतो. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहत आला की उठायचं. जे उठले नाहीत त्यांच्या बातम्या आपण वाचल्यात. म्हणून मी धोक्याआधी दोन-तीन खुणा सांगतो, सहज, वर्णनाच्या ओघात. ज्यानं ऐकलं तो वाचतो. नाही ऐकलं, तर मग फासा, आणि तोही अवघड. खेळाडू नशिबामुळे मेला तर रुसतो. स्वतःच्या दुर्लक्षामुळे मेला तर आठवडाभर त्याचीच गोष्ट सांगतो.

तिसरी गोष्ट मला पुस्तकातून नाही, अलीराजपूरच्या मित्रामुळे कळली. नर्मदा परिक्रमेवरची मराठी पुस्तकं वाचणाऱ्यांना शूलपाणीची झाडी ठाऊक असेल. तिथे भिल्ल परिक्रमावासीयांना लुटत, अंगावरची वस्त्रंसुद्धा घेत, आणि लुटले गेलेले ती नर्मदामाईचीच इच्छा मानत. झाडीचा बराच भाग आता सरदार सरोवराच्या पाण्याखाली आहे. मला वाटलं, झकास प्रसंग! झाडामागून बाण मारणारे लुटारू लिहिले आणि खेळायला बसलो. मित्र स्वतः भिल्ल. त्यानं फासा खाली ठेवला. “दरवेळी झाडामागे आम्हीच का रे? टंट्यामामाला पण इंग्रजांनी डाकूच लिहिलं होतं.”

मी गप्प. पाताळपाणीला टंट्यामामाच्या देवळापुढे मी हात जोडून आलो होतो. १८८९ च्या डिसेंबरात जबलपूरला त्यांना फाशी झाली, हेही मला पाठ होतं. आणि लिहिताना मात्र माझ्या हातून गॉब्लिनच निघाले, फक्त नाव बदललेले. त्या रात्री खेळ तिथेच थांबला. मला वाटलं, गटच मोडणार.

आठवड्यानं मी प्रसंग नव्यानं लिहिला आणि त्याला आधी दाखवला. त्यानं अर्धा खोडला. आता पात्रं एका सरकारी मोजणीदाराला सोबत करतायत. त्याच्याकडे एक हातोडा आहे. त्यानं शिक्का मारला की ते झाड राजाचं, मग त्याखालचा मोहही वेचायचा नाही. (१८७८ च्या इंग्रजी वनकायद्यानंतर राखीव जंगलात लोकांचे हक्क असेच आटत गेले, मी फक्त त्याला हातोडा दिला.) रानातले वीस जण वाट अडवतात. बाण नाहीत. एक म्हातारी पुढे येते आणि म्हणते, लोखंड असेल तेवढं सगळं खाली ठेवा. तिला फसवायचं असेल तर फाशावर अठरा हवेत, कारण ती मोजणीदाराला ओळखते. लढायचं तर लढा, पण त्यांना हरेक ओढा पाठ आहे आणि तुम्हाला परतीची वाटसुद्धा नाही.

म्हातारीचा आवाज मी मित्रालाच दिला. तासभर कुणी एकही वार केला नाही. आमच्या योद्ध्यानं आजोबांची तलवार द्यावी की नाही यावर दोघं खरोखर भांडले. मैत्रिणीनं विचारलं, “आजी, हातोडा दिला तर तलवार राहू द्याल?” मित्र बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “हातोडा तर द्याच. तलवार पण.”

दिली त्यांनी. मोजणीदार रडकुंडीला आला. पुढच्या शनिवारी पहाटे ते मोहाच्या झाडाखाली पोचले. फुलांचा सडा पडलेला, पलीकडे टोपली घेऊन एक बाई, आणि मधे अस्वल. अस्वलाला लांबचं दिसत नाही, दचकलं की मात्र अंगावर येतं. कुणाकडे साधी सुरीही नव्हती.