खरखरीत सा-प

ग्रंजच्या गिटारीला 'नुसता गोंगाट' म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. त्यांना खुर्ची देतो आणि पेडलवर पाय ठेवतो.

इतिहास भराभर उरकतो. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमध्ये पंकचा राग आणि मेटलचं वजन एकत्र आलं, ते ग्रंज. सब पॉप कंपनीने तिथल्या बँडच्या रेकॉर्ड काढल्या. निर्वाणा या बँडच्या 'ब्लीच' अल्बमचं ध्वनिमुद्रण जॅक एन्डिनोने केलं, बिल झालं ६०६ डॉलर १७ सेंट! मडहनीने तर १९८८ मध्ये आपल्या रेकॉर्डला 'सुपरफझ बिगमफ' अशी दोन पेडलांचीच नावं दिली. मग १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या साउंड सिटी स्टुडिओत बुच विगच्या हाताखाली निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' झाला आणि 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' जगभर पोचलं.

तो आवाज घरी काढायचा तर सुरुवात बॉस कंपनीच्या 'डीएस-वन' पेडलपासून. १९७८ सालची ही नारिंगी डबी निर्वाणाच्या कर्ट कोबेनच्या पायाखाली असायची. बटणं तीन. आत गिटारीचा क्षीण संदेश आधी भरपूर वाढवतात, मग सिलिकॉनचे दोन डायोड लाटेचे शेंडे छाटतात. असे डायोड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मागा, दुकानदार कागदी पट्टीवर चिकटवलेली माळच कापून देतो. एवढ्याशा काचेच्या मण्यांत सिअ‍ॅटल मावतं, याचं मला अजून नवल वाटतं.

खरी गंमत पुढे आहे, आणि इथे मी जरा रेंगाळणार. ग्रंजवाले पूर्ण कॉर्ड फारसा धरत नाहीत. सा आणि प, बस्स. त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात. समजा सा २२० हर्ट्झचा, तर प ३३० चा. स्वच्छ अ‍ॅम्पमधून हे दोघे शेजारी शेजारी नांदतात. छाटणी सुरू झाली की एकमेकांत मिसळतात आणि बेरजा-वजाबाक्यांचे नवे स्वर जन्मतात. ३३० वजा २२० म्हणजे ११०: बरोबर खालच्या सप्तकातला सा, जो कुठल्याच तारेवर वाजलेला नाही. गाणं शिकवणारी माझी मावशी एकदा शेजारच्या खोलीतून ओरडली, "अरे, हा खालचा सा कोण लावतंय?" या विषयावरचा इतका नेमका अभिप्राय मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेला नाही.

आता त्यात शुद्ध ग घालून पाहा. गिटारीच्या पडद्यांवरचा ग नैसर्गिक गंधारापेक्षा चढा असतो. प मात्र जवळजवळ सुरात. त्या चढेपणामुळे छाटणीतून निघणारे स्वर एकमेकांना भिडतात आणि चिखल होतो. म्हणून सा-प. 'टीन स्पिरिट'चा मुख्य तुकडा अशाच चार जोड्यांवर उभा आहे.

दुसरी डबी 'स्मॉल क्लोन', कोरस पेडल: एक बटण, एक खटका. 'कम अ‍ॅज यू आर'मधली पाण्याखालून आल्यासारखी गिटार हिची. तिसरी गोष्ट दुकानात मिळत नाही. एकच तुकडा दोनदा वाजवून दोन्ही मुद्रणं एकावर एक ठेवायची. दोन वेळा हात अगदी सारखा पडत नाही, त्या फरकातूनच भिंतीसारखा जाड आवाज येतो. संगणकावर एकाच मुद्रणाची नक्कल चिकटवली तर फक्त आवाज वाढतो, जाडी येत नाही.

महागड्या गिटारीचं म्हणाल, तर कोबेनच्या आवडत्या फेंडर मस्टँगला तेव्हा फारसा मान नव्हता. तेव्हा पैसे तिथे घालू नका. 'डीएस-वन' आजही नवी मिळते. टोनचं बटण निम्म्याच्या खाली ठेवा, नाहीतर आवाज कानाला टोचतो. डिस्टॉर्शनचं बटण पूर्ण पिळू नका, पिळलं तर हाताचा जोर-हलकेपणा कळेनासा होतो. अ‍ॅडॉप्टर गुणगुणत असेल तर ९ व्होल्टची बॅटरी लावा. आणि रात्री दहानंतर हेडफोन.