घरासाठीं वीजजनित्र : जोडणी व निवड

चाकण व पिंपरी-चिंचवडच्या आसपासचे आपले बरेच सभासद हल्लीं घरास जनित्र, म्हणजे लोकांच्या तोंडचा जनरेटर, बसविण्याच्या विचारांत आहेत. कारण उघड आहे. दि. ९ फेब्रुवारी २०२२ रोजीं पहाटे दाट धुकें व दंव यांमुळें ४०० के. व्ही.च्या वाहिन्या बंद पडल्या आणि पुणें, पिंपरी-चिंचवड व चाकण येथील मोठ्या भागाची वीज गेली. मोठ्या कारखान्यांस स्वतःचीं जनित्रें असतात. गोठ्यांतील धारेची वेळ मात्र कोणासाठीं थांबत नाहीं.

प्रथम जोडणीविषयीं लिहितों. यंत्र लहानमोठें निघालें तर पैसा जातो. जोडणी चुकली तर मनुष्य जातो, आणि तो बहुधा आपल्या घरचा नसतो. गांवचें रोहित्र, ज्यास आपण डी. पी. म्हणतों, तें ११,००० व्होल्टचा दाब उतरवून घरास सुमारें २३० व्होल्ट देतें. परंतु रोहित्रास उलट-सुलट दिशा ठाऊक नाहीं. घरांतून २३० व्होल्ट मागें त्याजकडे गेले, तर तेंच रोहित्र तो दाब चढवून ११,००० व्होल्टच्या तारांवर सोडतें. वीज गेली म्हणून वायरमन त्याच वेळीं खांबावर चढलेला असतो. कोणी म्हणेल, एवढेंसें जनित्र साऱ्या गांवाच्या भारानें बंदच पडेल. पुष्कळदां पडेलही, परंतु डी. पी.चे फ्यूज काढलेले असले किंवा तार मध्येंच तुटलेली असली, तर भारच उरत नाहीं, आणि घराकडील तारेंत दाब तसाच राहतो.

आमच्याच आळींत एका घरीं दोन्ही टोकांस पिना बसविलेली केबल करून तिचें एक टोक जनित्रांत व दुसरें भिंतीवरील सॉकेटमध्यें खुपसलें होतें. मेन स्विच बंद करावयाचा राहून गेला. वायरमननें तारेस हात लावण्यापूर्वीं टेस्टर लावून पाहिला म्हणून निभावलें. अशा केबलचें एक टोक निसटलें तर उघड्या पिनांवर २३० व्होल्ट असतात, तें निराळेंच. ही केबल कोणी सुचविल्यास त्यास दाराबाहेरूनच निरोप द्यावा.

ह्यावर खरा उपाय चेंजओव्हर स्विच हाच. मीटर व मेन स्विच यांच्या पुढें आणि घरांतील वाटपाच्या पेटीच्या अगोदर तो बसतो. दांडा एकीकडे केला कीं महावितरणची वीज, दुसरीकडे केला कीं जनित्राची, मध्यें ठेवला कीं दोन्ही बंद. दोहोंची गांठ पडणें त्याच्या रचनेनेंच अशक्य असतें. सिंगल फेज जोडणीस फेज व न्यूट्रल दोन्ही पालटणारा दोन पोलचा, व थ्री फेज जोडणीस चार पोलचा स्विच घ्यावा. केवळ फेज पालटून न्यूट्रल तसाच जोडून ठेवणारे मिस्त्री आढळतात. त्यांचें ऐकूं नये. आपोआप सुरू होणारें पॅनेल घेतलें तरी त्यांत हीच अडसर-व्यवस्था आहे कीं नाहीं, तें विचारून घ्यावें. निघोजें, महाळुंगें, कुरुळी ह्या बाजूस ज्यांनीं कामगारांसाठीं भाड्याच्या खोल्या बांधून खोलीगणिक मीटर घेतले आहेत, त्यांनीं एका जनित्राची तार सरसकट सर्व खोल्यांत फिरवूं नये. प्रत्येक मीटरपुढें निराळा चेंजओव्हर पाहिजे. काम परवानाधारक कंत्राटदाराकडून करवावें व त्याचा चांचणी-अहवाल लेखी घ्यावा. महसुली कारकुनींत मी एवढें शिकलों कीं, तोंडी कामास पुढें साक्षीदार मिळत नाहीं.

आतां यंत्र किती मोठें असावें तें पाहूं. दिवे, चार-पांच पंखे, फ्रीज व टी. व्ही. मिळून सुमारें ७५० वॅट धरा. एक अश्वशक्तीचा पाण्याचा पंप चालतांना सुमारें १,००० वॅट घेतो व तेवढ्याच शक्तीचें धार काढण्याचें यंत्रही तितकेच. बेरीज २,७५० होते आणि दुकानदार लगेच लहान यंत्र दाखवितो. परंतु मोटार सुरू होतांना क्षणभर तिच्या नेहमींच्या प्रवाहाच्या तीन ते पांच पट, कधीं त्याहूनही अधिक, प्रवाह ओढते. चौपट धरली तर एका मोटारीचे ४,००० व इतर ७५० मिळून ४,७५० वॅट झाले. जनित्राची क्षमता के. व्ही. ए. मध्यें लिहिलेली असते. तिचे आठ-दशांश म्हणजे किलोवॅट. ह्या हिशेबानें सहा के. व्ही. ए. लागतात, म्हणून साडेसातचें घ्यावें, व दोन मोटारी कधींही एकदम सुरू करूं नयेत. पाण्याचा गीझर व शेतांतील पांच अश्वशक्तीचा थ्री फेज पंप ह्या हिशेबांत नाहींत. ते त्यावर लावूंही नयेत.

फार मोठें घेणें हाही दोषच आहे. कारखान्यानें काढून टाकलेलें साठ-बासष्ट के. व्ही. ए.चें जनित्र भंगाराच्या भावांत मिळतें, म्हणून तें वाड्यामागें आणून ठेवण्याचा मोह होतो. डिझेल इंजिन आपल्या शक्तीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी भारावर दीर्घकाळ चालविल्यास पुरतें तापत नाहीं, इंधन अर्धवट जळतें आणि काळें तेलकट चिकट द्रव्य धुराड्यांत व इंजिनांत सांचतें. चार पंखे व एक फ्रीज चालविण्यासाठीं मालमोटारीएवढें इंजिन घरघरत ठेवावयाचें, ह्यांत फायदा भंगारवाल्याचा.

खर्चही मनांत घ्यावा. साधारण भारावर एक युनिट विजेस तिसरा हिस्सा लिटर डिझेल लागतें. लिटरास ९० रुपये धरल्यास निव्वळ इंधनाचेच युनिटास ३० रुपये पडतात. सन २००६ मध्यें पुणें परिसर भारनियमनमुक्त ठेवण्यासाठीं भारतीय उद्योग महासंघाच्या पुढाकारानें कारखान्यांनीं आपलीं जनित्रें चालविलीं होतीं, त्या महाग विजेचा वाढीव भार ग्राहकांच्या बिलांत घालावा लागला होता. सबब तास-दोन तास दिवे-पंख्यांपुरतीच अडचण असेल तर बॅटरीवरील इन्व्हर्टर पुरे. जनित्र धारेच्या यंत्रासाठीं, पाण्यासाठीं व लांबलेल्या बंदसाठीं घ्यावें.

जागा घराबाहेर, उघड्यावर, पावसाचें पाणी न चढणाऱ्या चौथऱ्यावर असावी. धुरांतील कार्बन मोनॉक्साइड ह्या विषारी वायूस रंग नाहीं व वास नाहीं. पडवींत किंवा बंद गोठ्यांत जनित्र चालवून निजणें प्राणघातक होय. धुराडें खिडकीकडे नसावें व कडब्याची गंजी दूर असावी. सांगाड्यास दोन स्वतंत्र अर्थिंग व न्यूट्रलचें निराळें करावें, आणि घरांत ३० मिलिअँपिअरचा आर. सी. सी. बी. बसवावा.

वीज गेल्यावर प्रथम जड यंत्रें बंद करावीं, दांडा मध्यें ठेवून इंजिन दोन-तीन मिनिटें रिकामें चालवावें, मग दांडा जनित्राकडे करून एकेक यंत्र लावावें. वीज परतल्यावर उलट क्रम, व बंद करण्यापूर्वीं पांच मिनिटें इंजिन रिकामें चालवून निववावें. जनित्र ऐन वेळीं चालू न होण्याचें नेहमींचें कारण बॅटरी, त्याखालोखाल जुनें झालेलें किंवा पाणी शिरलेलें डिझेल. आपल्या पट्ट्यांत दुरुस्तीसाठीं वीज बहुधा गुरुवारीं बंद ठेवतात. म्हणून दर बुधवारीं सायंकाळीं तें पंधरा मिनिटें भारासह चालवून पाहावें.