जातीची नाके मोजणारे विज्ञान

मोजपट्टी खोटे बोलत नाही, असे आपण मानतो. पण ती धरणाऱ्याच्या मनात आधीपासून काय आहे?

हर्बर्ट रिस्ले या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८९१ मध्ये जातीजमातींच्या शरीरमापांचे आकडे प्रसिद्ध केले. नाकाच्या रुंदीला उंचीने भागायचे आणि शंभराने गुणायचे. हा झाला नासिका निर्देशांक. त्यावरून त्याने नियमच मांडला: नाक जितके रुंद, तितकी जात खालची. पुढे १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त तोच झाला आणि जातींची प्रतवारी सरकारी दप्तरात गेली.

रिस्लेने आकडे बनवले, असे आमचे म्हणणे नाही. पण मापे घेताना समोरच्याची जात ठाऊक होती आणि काय सापडायला हवे हेही. आपल्या मताला दुजोरा देणारे तेवढेच ठळक दिसणे, याला पुष्टीकरणाचा पूर्वग्रह म्हणतात. त्यासाठी लबाड असावे लागत नाही.

१९६३ मध्ये रॉबर्ट रोझेन्थाल आणि सहकाऱ्याने विद्यार्थ्यांना साधे उंदीर दिले. काहींना सांगितले, तुमचे उंदीर हुशार आहेत; काहींना, मठ्ठ आहेत. उंदरांत तसा फरक नव्हता. तरी ‘हुशार’ उंदरांचे निकाल सरस आले! म्हणूनच आज औषधाच्या चाचणीत खरी गोळी कुणाला दिली, हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांपासून लपवतात. काय तपासणार हे आधीच नोंदवून ठेवतात, म्हणजे निकाल पाहून प्रश्न बदलता येत नाही.

आणखी एक उपाय म्हणजे तेच आकडे दुसऱ्याच्या हाती देणे. गो. स. घुर्ये यांनी १९३२ मध्ये असे आकडे प्रांतवार मांडले, तेव्हा आजच्या उत्तर प्रदेशाच्या भागाबाहेर रिस्लेचा नियम टिकला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात याच मापांच्या आधारे दाखवले, की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशांचे ठरत नाहीत.

डीएनए संशोधनाची बातमी आली की आपल्या बाजूचा अर्धा भाग आम्हीही झटकन पुढे पाठवतो, हे कबूल करायला हवे. बाबासाहेबांनी मात्र त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत आपला सिद्धान्त अंतिम शब्द मानू नका, असे वाचकांना सांगून ठेवले आहे.