ट्रॅक्टरची गंजलेली टाकी : दुरुस्त करावी की बदलावी?

मृगाच्या पहिल्या सरी आल्या की गोव्यात सरद शेतीच्या नांगरणीला वेग येतो आणि वर्षाचा बराच काळ शेडखाली उभ्या असलेल्या ट्रॅक्टरला एकाएकी मोल येते. गावात ट्रॅक्टर मोजकेच असतात. एकच यंत्र तासाच्या भाड्याने अनेकांच्या शेतांत फिरते. ऐन नांगरणीत ते बंद पडले, तर मालकासोबत रांगेतील प्रत्येक शेतकऱ्याचे दिवस वाया जातात. अशा बिघाडाचे मूळ पुष्कळदा इंजिनात नसून डिझेलच्या टाकीतील गंजात असते. म्हणून पावसाळ्यापूर्वी टाकी तपासून घेणे आणि ती दुरुस्त करायची की बदलायची याचा निर्णय निवांतपणे करणे हिताचे ठरते.

गंज येतो कुठून?

डिझेलमुळे लोखंड गंजत नाही. गंजते ते पाण्यामुळे. अर्धी रिकामी टाकी पावसाळ्यात उभी राहिली की तिच्यातील दमट हवा रात्री थंड होते आणि आतल्या भिंतींवर दव धरते. झाकणाचे रबर झिजलेले असल्यास पावसाचे पाणीही आत उतरते. पाणी डिझेलहून जड असल्याने तळाशी साचते. डिझेल आणि पाणी यांच्या सीमेवर सूक्ष्मजीवही वाढतात. त्यांचा काळसर, बुळबुळीत गाळ आम्लधर्मी असतो आणि तो पत्र्याला आणखी पोखरतो.

दुसरा गंज बाहेरून येतो. खाजन शेतीतील खारट चिखल टाकीच्या पट्ट्यांखाली अडकतो आणि तेथील नमदा किंवा रबर ती ओल धरून ठेवते. वरून रंग शाबूत दिसतो, मात्र पट्टीखाली पत्रा कागदासारखा पातळ झालेला असतो. आतला गंज आणि बाहेरचा गंज यांतील हा भेद पुढच्या निर्णयात महत्त्वाचा ठरतो.

लक्षणे कोणती?

ट्रॅक्टर व्यवस्थित सुरू होतो, काही वेळ चालतो, नांगराचा भार पडताच दम टाकतो आणि थोडा थांबवल्यावर पुन्हा सुरू होतो. गंजाचे कण डिझेलच्या प्रवाहाबरोबर टाकीच्या तोटीशी गोळा होतात आणि प्रवाह थांबला की खाली बसतात, म्हणून हा लपंडाव चालतो. मात्र झाकणातील हवेचे छिद्र बुजले तरी हेच लक्षण दिसते. त्यामुळे टाकीला दोष देण्यापूर्वी झाकण किंचित सैल करून ट्रॅक्टर चालवून पाहावा. बिघाड नाहीसा झाला, तर झाकण साफ केल्याने काम भागते.

फिल्टर वारंवार तांबूस गाळाने भरत असेल, तर दुर्लक्ष करू नये. इंजेक्शन पंपातील भागांमधील फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजतात. माणसाचा केस तिच्याहून कितीतरी जाड असतो. फिल्टर ओलांडून गेलेला बारीक कण किंवा पाण्याचा थेंब तेथे ओरखडे पाडतो. पंप आणि नोझल यांच्या दुरुस्तीचा खर्च टाकीच्या खर्चाहून सहज मोठा होतो. टाकीच्या दुरुस्तीचा हिशेब मांडताना नव्या टाकीच्या किमतीबरोबर पंपाला असलेला हा धोकाही विचारात घ्यावा.

तपासणी कशी करावी?

टाकी ट्रॅक्टरवरून उतरवूनच तपासावी. डिझेल स्वच्छ काचेच्या बरणीत काढून काही तास ठेवल्यास पाणी आणि गाळ तळाशी वेगळे दिसतात. हात-विजेरीने आत पाहावे. तारेवरचा उघडा दिवा आत सोडू नये.

आत दिसणाऱ्या गंजाच्या प्रमाणावरून घाबरू नये. लोखंडाचा गंज होताना त्याचे आकारमान कित्येक पटींनी वाढते. त्यामुळे सर्वत्र पसरलेला पातळ तांबूस थर दिसायला भयंकर असला, तरी त्यात पत्रा फारसा गेलेला नसतो. याउलट तळाशी मोजकेच खोल खड्डे असतील, तर तेथून टाकी लवकरच गळणार हे निश्चित.

पत्र्याची ताकद पाहण्यासाठी बाहेरून, विशेषतः तळाशी, सांध्यांवर आणि पट्ट्यांखाली, पेचकसाच्या टोकाने दाबून पाहावे. पत्रा दबला किंवा टोक आत शिरले, तर तो भाग संपला असे समजावे. झिरपा शोधण्याचा सोपा उपाय म्हणजे सांध्यांवर बाहेरून खडूची पूड ओली करून लावावी, ती वाळू द्यावी आणि टाकीत डिझेल भरून रात्रभर ठेवावी. जेथे डिझेल झिरपते, तेथे पांढऱ्या थरावर काळसर डाग उमटतो.

दुरुस्ती केव्हा?

पत्रा टणक आहे, सांधे कोरडे आहेत आणि गंज आतल्या पृष्ठभागापुरताच आहे, अशी टाकी राखण्याजोगी असते. प्रथम ती गरम पाणी आणि साबणाने अनेकदा धुवावी. नंतर साबणाच्या पाण्यासह बारीक साखळी आत सोडून टाकी हलवावी, म्हणजे सुटे पापुद्रे निघतात. खडी टाकण्यापेक्षा साखळी बरी, कारण ती पूर्ण बाहेर काढता येते. उरलेल्या गंजासाठी सायट्रिक ॲसिडचे द्रावण वापरावे. शौचालय धुण्याचे तीव्र ॲसिड गंजाबरोबर चांगला पत्राही खाते, म्हणून ते टाळावे. हे काम हातमोजे आणि चष्मा घालून उघड्यावर करावे.

शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टाकी विसळून पूर्ण सुकवावी आणि लगेच आतून डिझेलने ओली करावी. उघडा पडलेला ओलसर लोखंडी पत्रा काही तासांतच पुन्हा तांबडा होतो. आतून इपॉक्सीचा लेप देण्याची पद्धत आहे. मात्र पृष्ठभाग तेलकट किंवा ओला राहिल्यास लेपाचे पापुद्रे सुटतात आणि तेच तोटीत अडकतात. घाईने दिलेल्या लेपापेक्षा नुसती स्वच्छ टाकी बरी.

बदल केव्हा?

तळाला एकाहून अधिक छिद्रे, सांध्यावरचा झिरपा, पेचकसाने दबणारा पत्रा किंवा पूर्वीच्या दोन-तीन जोडांशेजारी पुन्हा गळती, यांपैकी काहीही आढळल्यास टाकी बदलावी. पातळ पत्र्यावर जोड धरत नाही. उष्णतेने शेजारचा भागही जळतो आणि छिद्र मोठे होते. बाहेरून लावलेली लांबी शेतातून घरी पोहोचण्यापुरती उपयोगी पडते, हंगाम काढण्यासाठी नव्हे. धुणे, जोडकाम, लेप आणि मजुरी यांची बेरीज नव्या टाकीच्या निम्म्याहून अधिक होत असेल, तरीही नवीच घ्यावी.

जुन्या मॉडेलची टाकी मिळत नसल्यास भंगारातील टाकी चालेल, मात्र तिलाही वरच्याच कसोट्या लावाव्यात. नवी टाकी करून घ्यायची झाल्यास जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरू नये. जस्त डिझेलमधील आम्लांशी संयोग पावते आणि तयार होणारा चिकट पदार्थ फिल्टर बंद करतो. टाकी कोणतीही असो. नळी साफ करणे, फिल्टर बदलणे, पट्ट्यांखाली नवे रबर घालणे आणि शेवटी इंधनमार्गातील एअर काढणे ही कामे चुकवू नयेत.

वेल्डिंगचा धोका

रिकामी टाकी निर्धोक, हा समज जीवघेणा आहे. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक धोकादायक असते, कारण तिच्यात इंधनाची वाफ आणि हवा यांचे मिश्रण असते. भारतीय मानकानुसार डिझेलची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते तापमान किमान ३५ अंश सेल्सिअस आहे. उन्हात ठेवलेला पत्रा याहून कितीतरी अधिक तापतो, वेल्डिंगची ज्योत तर दूरच राहिली. सांध्यांत मुरलेले डिझेल एकदा धुऊन जात नाही. उष्णता लागताच त्याची वाफ होते. त्यामुळे हे काम घरी करू नये. टाकी वारंवार धुऊन, जोडाच्या जागेपर्यंत पाण्याने भरून आणि सर्व तोंडे उघडी ठेवून ते अनुभवी कारागिरानेच करावे.

पुढच्या हंगामासाठी

काम संपल्यावर टाकी काठोकाठ भरून ट्रॅक्टर उभा करावा, म्हणजे दव धरायला हवाच उरत नाही. तळाची गाळतोटी अधूनमधून उघडून पाणी काढावे. खाजनातून परतल्यावर पट्ट्यांवरचा खारट चिखल गोड्या पाण्याने धुवावा. या सवयी ठेवल्या तर एकदा साफ केलेली टाकी दीर्घकाळ टिकते. पत्रा टणक असेपर्यंत टाकी राखावी. पत्रा दबू लागला की मोह सोडावा आणि हा निर्णय पहिल्या सरीआधी घ्यावा.