सर, कॉम्प्युटर बदला ना!

शनिवारची संध्याकाळ. बाकीची पब्लिक एफसी रोडवर कॉफी पीत होती आणि आम्ही दोघं सदाशिव पेठेत एका जुन्या कॉम्प्युटरसमोर बसलो होतो. तो चालू होत होता. सर आत जाऊन चहा टाकून आले. तो चालू होत होता. चहा पिऊन झाला, कप विसळून झाले... तेव्हा कुठे निळ्या स्क्रीनवर ती चाररंगी खिडकी उगवली. विंडोज ७. दोन जीबी रॅम. ३२ बिट!

माझ्या पार्टनरने (कोडमधला पार्टनर, गैरसमज नको) माझ्याकडे बघितलं. ‘आता तूच सांग त्यांना,’ असा त्या नजरेचा अर्थ होता. सांगायचं एवढंच होतं, की सर, आमच्या ॲपचं नवं व्हर्जन येतंय आणि ते तुमच्या मशीनवर चालणार नाही.

आमचं ॲप म्हणजे फार काही ग्रेट नाही. बंदिशी लिहायचं साधन. दिवसभर हिंजवडीत दुसऱ्यांचं सॉफ्टवेअर लिहायचं आणि रविवारी हे, असा आमचा चार वर्षांचा फंडा. सुरुवात झाली ती सरांच्याच क्लासमध्ये. मी त्यांच्याकडे पेटी शिकते. ते वर्डमध्ये टेबल काढून नोटेशन टाइप करायचे. तीनताल म्हणजे सोळा कॉलम, वर स्वर, त्याखाली शब्द, अगदी खाली सम-टाळी-खालीच्या खुणा. एक मात्रा चुकली की पुढचा सगळा डोलारा सरकला!

तुम्ही म्हणाल, नोटेशनची सॉफ्टवेअर्स तर ढिगाने आहेत. आहेत ना, पण पाच रेघांच्या पाश्चात्त्य नोटेशनसाठी. आपली भातखंडे पद्धत अक्षरांची. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब, एका मात्रेत दोन स्वर आले की त्यांच्याखाली कंस. आता बागेश्री लिहायला घ्या. मंद्रातला कोमल निषाद. खाली रेघ हवी आणि टिंबही हवं, आणि तो शेजारच्या स्वराबरोबर एकाच मात्रेत असेल तर कंससुद्धा. खालच्या मजल्यावर नुसती गर्दी! वर्डमध्ये हे जमवता जमवता सरांचा एक अख्खा उन्हाळा गेला होता. ते बघून आम्ही ॲप लिहायला घेतलं. त्यात गेल्या चार वर्षांत सरांनी तीनशेच्या वर बंदिशी उतरवल्या. बऱ्याचशा त्यांच्या गुरुजींकडून तोंडी आलेल्या.

मग प्रॉब्लेम काय? 

आमचं पहिलं व्हर्जन क्यूट नावाच्या टूलकिटच्या ५.१५ वर बांधलेलं. ते विंडोज ७ वर निवांत चालतं. पण पोरांना हवा होता प्लेबॅक. ठेका वाजला पाहिजे, तानपुरा लागला पाहिजे, लय कमी-जास्त करता आली पाहिजे. त्यासाठी आम्ही क्यूट ६ वर उडी मारली आणि क्यूट ६ ला कमीत कमी विंडोज १० लागतं. झालं ना दार बंद!

पार्टनरचं म्हणणं सरळ होतं. मायक्रोसॉफ्टने स्वतः १४ जानेवारी २०२० ला विंडोज ७ सोडलं. गुगलने फेब्रुवारी २०२३ मध्ये क्रोमच्या ११० व्या व्हर्जनपासून सोडलं. फुकटातलं सगळ्यांचं लाडकं म्यूझस्कोर, त्याचं चौथं व्हर्जन डिसेंबर २०२२ मध्ये आलं तेच ६४ बिटवर आणि विंडोज १० च्या पुढे. एवढ्या मोठ्या लोकांनी सोडलं आणि आपण दोन माणसं, एका रविवारच्या जिवावर, काय धरून बसलोय? प्रत्येक बग दोनदा शोधायचा, दोनदा फिक्स करायचा, दोनदा टेस्ट करायचा. तो चुकत नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं.

मी आपली इमोशनल बाजू लावून धरली. सर आहेत, वय झालंय, वगैरे. पार्टनर म्हणाला, ‘मग सरांना लॅपटॉप घेऊन देऊ. वर्गणी काढू.’ खरं सांगू? मला ते पटलं. म्हणूनच तर आम्ही त्या शनिवारी तिथे होतो.

‘सर, कॉम्प्युटर बदला ना,’ मी म्हटलं. ‘आम्ही देतो.’

सरांनी काही न बोलता एक फोल्डर उघडलं. त्यात २००४-०५ च्या फायली होत्या. एक उघडली. स्क्रीनवर रोमन अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं, प्रश्नचिन्हं... 

‘हा मारवा आहे,’ सर म्हणाले.

तुमच्यापैकी ज्यांनी त्या काळात मराठी टाइप केलंय त्यांना लगेच कळेल. तेव्हा सर्रास युनिकोड नव्हे, फॉन्ट वापरले जायचे. प्रत्येक फॉन्टचा स्वतःचा नकाशा. आत साठवलेलं असायचं इंग्रजी अक्षर, फक्त फॉन्ट त्याला ‘सा’चा मुखवटा चढवायचा. फॉन्ट गेला की मुखवटा गेला. सरांनी तेव्हाचा कॉम्प्युटर बदलला, कोणीतरी ‘सगळं कॉपी केलंय काका’ म्हणून सांगून गेला आणि फॉन्ट मात्र जुन्या हार्ड डिस्कबरोबर भंगारात गेला. साठेक बंदिशी. त्यातल्या जेवढ्या आठवल्या तेवढ्या त्यांनी पुन्हा लिहिल्या.

‘मशीन हळू आहे हे मला माहितीये गं,’ सर म्हणाले, ‘पण हे उघडतं.’

यावर काय बोलणार? लॅपटॉपचा विषय तिथेच मिटला.

परत येताना गाडीवर आम्ही भांडलो. मग म्हटलं, भांडण्यापेक्षा मोजू. ॲपच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, कोणाकडे कुठलं मशीन आहे? शंभराच्या आसपास माणसं. जुन्या विंडोजवर फक्त अकरा निघाली. ‘बघ,’ पार्टनर म्हणाला, ‘अकरा!’ पण नंतर आमच्या शेअर्ड फोल्डरमधल्या फायली कोणी लिहिल्यात ते बघितलं आणि दोघंही गप्प झालो. निम्म्याहून जास्त फायली त्याच अकरा जणांच्या होत्या. बाकीची आम्ही मंडळी त्या नुसत्या उघडतो, रियाजाला वापरतो आणि ‘प्लेबॅक कधी?’ असं विचारतो. लिहिणारे जुन्या मशीनवर, वाजवणारे नव्या. डोकी मोजली तर सपोर्ट काढून टाकणं बरोबर, फायली मोजल्या तर आत्मघात! 

आणि रेघ विंडोज १० वर तरी का मारायची? त्याचाही नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाच की. माझा स्वतःचा घरचा लॅपटॉप विंडोज ११ घेत नाही. म्हणजे आज सर, उद्या मी.

पर्याय बरेच चघळले. सरांच्या मशीनवर लिनक्स टाकावं? एका दुसऱ्या काकांकडे ट्राय केलं. त्यांनी पाच मिनिटं बघून विचारलं, ‘हे कोणाचं घर आहे?’ मग ब्राउझरमध्ये चालणारं ॲप? विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही, म्हणजे फिरून तिथेच. दोन्ही व्हर्जन्समध्ये सगळी फीचर्स? त्यासाठी एकाला नोकरी सोडावी लागली असती आणि दोघांचेही ईएमआय चालू आहेत.

निर्णय झाला तो फिनालेमुळे. फिनाले म्हणजे नोटेशनच्या दुनियेतलं मोठं प्रस्थ. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की ३५ वर्षांनंतर आता डेव्हलपमेंट बंद. म्हणजे लोकांचं आयुष्यभराचं काम त्या फायलींमध्ये! आणि वापरणाऱ्यांची पहिली धावपळ कशासाठी होती? नव्या फीचरसाठी नाही. आपल्या फायली म्यूझिकएक्सएमएलमध्ये, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमलाही वाचता येईल अशा रूपात काढून घेण्यासाठी. तेव्हा आम्हाला कळलं की आपण मशीन सांभाळायचं की नाही यावर भांडतोय आणि सरांना हवीय ती फाइल.

तर ठरलं असं. जुनं व्हर्जन गोठवायचं. त्यात प्लेबॅक येणार नाही, नवा रंग येणार नाही, काही नाही. पण फाइलचा साचा दोन्हीकडे एकच. साधा युनिकोड मजकूर, नोटपॅडमध्ये उघडला तरी ‘सा’ हा ‘सा’च दिसेल. पुढे आम्ही दोघं कंटाळलो, भांडलो किंवा बंगलोरला गेलो तरी.

एवढं ठरवून आम्ही खूश! मग पहिल्याच आठवड्यात बोंब झाली. एका मुलीने नव्या व्हर्जनमध्ये बागेश्रीची फाइल उघडून तिला ठेका आणि लय जोडली. सरांनी तीच फाइल जुन्यावर उघडली, एक धैवत दुरुस्त केला आणि सेव्ह केली. मुलीकडे परत गेली तेव्हा तबला गायब! जुन्या व्हर्जनला ठेका म्हणजे काय हे माहीतच नव्हतं, त्यामुळे सेव्ह करताना त्याने तो बिनदिक्कत टाकून दिला. 

त्यामुळे गोठवलेल्या व्हर्जनला आणखी एक अपडेट द्यावा लागला, जे कळत नाही ते जसंच्या तसं ठेव, फेकू नकोस, एवढंच शिकवणारा. तीन रविवार गेले. पार्टनरने एकदाही ‘मी म्हटलं होतं ना’ म्हटलं नाही, हे मुद्दाम नोंदवते.

बदल्यात सरांकडून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या. ते मशीन नेटला जोडायचं नाही, कारण त्याला सिक्युरिटी अपडेट मिळत नाहीत. फायली पेन ड्राइव्हवरून द्यायच्या, तोही आधी आमच्याकडे स्कॅन होणार. आणि दर महिन्याला सगळ्याची एक कॉपी माझ्याकडे. हार्ड डिस्क काय, आज आहे उद्या नाही. बाकीच्या दहा जणांनाही हेच कळवलं. शिवाय हेही स्पष्ट लिहिलं की जुन्या व्हर्जनमध्ये यापुढे फक्त फाइल न उघडण्याचे बग दुरुस्त होतील, आणि तेही दोन वर्षंच. दोघांना राग आला. एकाने नवा लॅपटॉप घेतला.

गेल्या शनिवारी मी माझ्या लॅपटॉपवर सरांना त्यांचीच बंदिश ठेक्यासकट ऐकवली. डोळे मिटून त्यांनी अख्खं आवर्तन ऐकलं. मला वाटलं, आता शाबासकी.

‘ही विलंबित आहे ना?’ सर म्हणाले. ‘मग तुझ्या तबलजीची गाडी सुटतीये का?’

घरी येऊन बघितलं. लयीची सगळ्यात खालची मर्यादा आम्हीच चुकून फार वर ठेवली होती. उद्याच्या रविवारचं काम ठरलं.