दप्तरखान्यातून (भाग ६) : हक्कापायी जपलेले कागद

मागच्या भागात आपण मठांच्या दप्तरांकडे पाहिलं. या वेळी एका कॉलेजात जाऊ. केंब्रिजचं सेंट जॉन्स कॉलेज १५११ साली स्थापन झालं, पण त्याच्या दप्तरातले कागद कॉलेजपेक्षा तीनशे वर्षांनी जुने आहेत. दप्तर ठेवलेली इमारतही तशीच. नदीपलीकडच्या या दगडी घराला ‘स्कूल ऑफ पायथागोरस’ म्हणतात. पायथागोरसचा तिथे कधी संबंध आला नाही आणि शाळाही भरली नाही. १२०० च्या सुमाराला बांधलेलं ते एका सधन कुटुंबाचं राहतं घर. तेराव्या शतकात ते ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजकडे गेलं आणि तब्बल १९५९ पर्यंत त्याच्याच मालकीचं राहिलं. केंब्रिजमधल्या घराची मालकी दूरच्या ऑक्सफर्डकडे जवळजवळ सात शतकं टिकली, कारण मर्टननेही आपले कागद नीट सांभाळले होते. सेंट जॉन्सने ते घर घेतलं आणि पुढे आपलं दप्तर तिथे हलवलं.

कागद का टिकतात, या प्रश्नाचं माझं उत्तर या लेखमालेत पुन्हा पुन्हा येत राहिलं आहे आणि सेंट जॉन्सइतका त्याचा चांगला पुरावा दुसरीकडे मिळणार नाही. इतिहास जपावा म्हणून फारच थोडे कागद जपले जातात. जमीन कुणाची, खंड किती, करार कधी संपतो, हे उद्या कोर्टात दाखवावं लागेल, म्हणून कागद कुलुपात ठेवले जातात. इतिहास त्यांच्या आडोशाने वाचतो. आपल्याकडे १८५२ च्या कायद्याने इनाम जमिनींचे हक्क तपासणाऱ्या इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि सनदा मागितल्या जाऊ लागल्या, तेव्हा कितीतरी घराण्यांनी आणि देवस्थानांनी माळ्यावरचे रुमाल खाली काढले. त्यामागचं कारणही हेच होतं.

सेंट जॉन्सची स्थापनाच एका भांडणातून झाली. सातव्या हेन्री राजाची आई लेडी मार्गारेट बोफर्ट हिने केंब्रिजात क्राइस्ट्स कॉलेज काढलं होतं. आयुष्याच्या शेवटी तिने आणखी एक कॉलेज काढायचं ठरवलं. गावात सेंट जॉनच्या नावाचं एक जुनं धर्मादाय रुग्णालय होतं. त्यात जेमतेम दोन-तीन धर्मबंधू उरले होते. त्याच्या जागेवर आणि उत्पन्नावर कॉलेज उभं करायचा बेत होता. पण जून १५०९ मध्ये ती वारली आणि कॉलेजविषयीची तिची इच्छा मृत्युपत्राच्या एका पुरवणीत राहिली. ती पुरवणी रीतसर पुरी झालेली नव्हती. रुग्णालय ईलीच्या बिशपच्या अखत्यारीत होतं आणि हा बिशप तिचाच सावत्र मुलगा. त्याने शक्य तेवढी चालढकल केली. पोपकडून आज्ञापत्र आणावं लागलं. नातू आठवा हेन्री वारस म्हणून आजीच्या जमिनींवर हक्क सांगू लागला आणि कॉलेजसाठी ठेवलेल्या मोठ्या जमिनी अखेर हातच्या गेल्या.

हे सगळं एका माणसाने निभावलं. रॉचेस्टरचा बिशप जॉन फिशर हा मार्गारेटचा धर्मगुरू आणि तिच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांपैकी एक. त्याने कोर्टकचेऱ्या केल्या, आर्जवं केली, राजाशी तडजोड केली आणि ९ एप्रिल १५११ ला कॉलेजची सनद मिळवली. या झगड्याचा फायदा आज आपल्याला होतो. मार्गारेटच्या संपत्तीचा हिशोब द्यायचा होता, म्हणून तिच्या घरच्या जमाखर्चाच्या वह्या आणि वस्तूंच्या याद्या कॉलेजच्या दप्तरात आल्या. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या एका राजमातेच्या घरात पैसा कसा येत होता आणि कुठे खर्च होत होता, हे आज इतक्या बारकाईने कळतं ते या वह्यांमुळे.

गेलेल्या जमिनींच्या बदल्यात फिशरने मोडकळीला आलेल्या काही धर्मसंस्था कॉलेजला मिळवून दिल्या. केंटमधलं ऑस्प्रिंजचं धर्मादाय रुग्णालय, केंटमधलाच हायमचा जोगिणींचा मठ आणि बर्कशरमधला ब्रूमहॉलचा मठ. मठांच्या जमिनीबरोबर त्यांचे कागदही आले, कारण जमिनीचा हक्क त्या कागदांतच होता. जोगिणींची सगळी पूर्वपीठिका अशी केंब्रिजच्या तरुण पुरुषांच्या कॉलेजात येऊन पडली. त्या पेट्यांमधून जे निघालं, त्यातल्या एका वस्तूपाशी मला थांबायचं आहे.

ती तेराव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांतली चर्मपत्राची गुंडाळी आहे. अनेक तुकडे एकाखाली एक शिवून तयार केलेली, उलगडत गेलं तर कित्येक फूट लांब. हायमच्या या मठाला लिलिचर्च असंही म्हणत. तिथली मठाध्यक्षा अँफेलिसा वारली, तेव्हा मठाने तिच्या मृत्यूची वार्ता या गुंडाळीवर लिहिली आणि एका निरोप्याच्या हाती देऊन त्याला रस्त्याला लावलं. तो मठामठातून फिरला. साडेतीनशेहून जास्त मठांनी आणि चर्चांनी त्यावर आपापल्या हाताने मजकूर लिहिला आहे. मजकूर बहुतेक ठरावीक साच्याचा. आधी संस्थेचं नाव, मग मृत जोगिणीसाठी प्रार्थना, मग आमच्याही मृतांसाठी तुम्ही प्रार्थना करा अशी विनंती, आणि कुठे कुठे त्या मृतांची नावं. एका ठिकाणचं अक्षर टपोरं आणि सरळ, पुढच्याच ठिकाणचं बारीक आणि घाईचं. कुठे शाई फिकी पडली आहे, कुठे लिहिणाऱ्याने जागा कमी पडते म्हणून ओळी दाटल्या आहेत. अँफेलिसाबद्दल इतिहासाला फारसं काही ठाऊक नाही. पण तिच्या निधनामुळे त्या काळातल्या शेकडो मठांच्या लेखनिकांचे हात एका जागी जमले. जुन्या हस्ताक्षरांचा अभ्यास करणाऱ्यांना एकाच काळातले इतके वेगवेगळे नमुने अन्यत्र क्वचितच मिळतात. या गुंडाळीतून जमिनीचा एक तुकडाही सिद्ध होत नाही. जमिनीच्या कागदांच्या सोबतीने आली म्हणून ती वाचली.

फिशरचा शेवट सर्वांना ठाऊक आहे. आठव्या हेन्रीला इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख मानायला त्याने नकार दिला आणि २२ जून १५३५ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. तो तुरुंगात असताना कॉलेजने त्याला पत्र लिहिलं. आमच्याकडे जे आहे ते तुमच्यामुळेच, ते सगळं तुमच्यासाठी खर्चलं तरी ऋण फिटणार नाही, अशा अर्थाचं. त्या काळी राजद्रोहाचा ठपका असलेल्या माणसाला असं लिहायला धैर्य लागत होतं आणि मला वाटतं कॉलेजच्या सगळ्या इतिहासात याहून अभिमानाचा कागद नसेल. फिशरने आपली मोठी ग्रंथसंपदा दानपत्र करून कॉलेजला दिली होती आणि हयातभर वापरायला आपल्याजवळ ठेवली होती. ती राजाच्या माणसांनी उचलून नेली. कॉलेजातली त्याची चिन्हं पुसली गेली. १५१६, १५२४ आणि १५३० साली त्याने कॉलेजला नियमावल्या दिल्या होत्या. १५४५ मध्ये राजाने त्यांच्या जागी नवी नियमावली घातली.

आता पैशाकडे वळू, कारण दप्तराचा सर्वांत मोठा भाग भाडेपट्ट्यांचा आहे. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये महागाई भडकली. कॉलेजांच्या जमिनी लांब मुदतीने, ठरावीक रोख खंडावर दिलेल्या होत्या. खंड तोच आणि भाव दुप्पट-तिप्पट, म्हणजे कॉलेजं बुडणार हे उघड होतं. १५७६ साली पार्लमेंटने कायदा केला की ऑक्सफर्ड, केंब्रिज, विंचेस्टर आणि ईटन इथल्या कॉलेजांच्या नव्या पट्ट्यांमध्ये खंडाचा एक तृतीयांश भाग धान्यात ठरवायचा. गहू क्वार्टरला ६ शिलिंग ८ पेन्स आणि माल्ट क्वार्टरला ५ शिलिंग या दराने. क्वार्टर हे धान्याचं माप. समजा, खंड ३ पौंड आहे आणि धान्याचा सगळा हिस्सा गव्हात आहे. एक तृतीयांश म्हणजे १ पौंड, म्हणजे २० शिलिंग, म्हणजे ३ क्वार्टर गहू. कुळाने २ पौंड रोख द्यायचे आणि ३ क्वार्टर गहू द्यायचा, किंवा त्या गव्हाची त्या दिवशीच्या बाजारातली किंमत. पुढच्या शतकात गहू क्वार्टरला ४० शिलिंगांवर गेला, तेव्हा त्या एका पौंडाच्या हिश्शाचे ६ पौंड झाले. कायद्यातल्या या एका कलमाने कॉलेजं तरली. आणि दरवर्षी बाजारभाव लिहून ठेवावा लागल्यामुळे इंग्लंडमधल्या धान्याच्या किमतींचा शतकानुशतकांचा हिशोब कॉलेजांच्या वह्यांमध्ये आपोआप तयार झाला.

जमिनीच्या कागदांखालोखाल महत्त्वाची ती प्रवेशाची नोंदवही. सेंट जॉन्समध्ये ती जानेवारी १६३० पासून सुरू होते. लॅटिनमधल्या एकेका ओळीत मुलाचं नाव, बापाचं नाव आणि धंदा, गाव, कोणत्या शाळेत किती वर्षं शिकला, वय किती आणि कोणता शिक्षक त्याची जबाबदारी घेतो. शेतकरी, कापडवाला, पाद्री असे बापांचे धंदे एकाखाली एक येत जातात. मुलगा कोणत्या श्रेणीत दाखल झाला हेही लिहिलेलं असतं. ‘सायझर’ म्हणजे गरीब विद्यार्थी. त्याला सवलतीत जेवण-राहणं मिळे आणि पूर्वीच्या काळी त्याबद्दल पंक्तीत वाढण्यासारखी कामं करावी लागत. कवी वर्डस्वर्थ १७८७ मध्ये सायझर म्हणूनच इथे आला. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध आयुष्यभर लढलेला टॉमस क्लार्कसन त्याच्या आधी याच कॉलेजचा सायझर होता. त्याच लढ्यातला त्याचा साथी विल्यम विल्बरफोर्स हाही याच कॉलेजचा, पण श्रीमंत घरचा. दोघांची आयुष्यं कुठून सुरू झाली ते वहीतल्या श्रेणीवरूनच कळतं.

हे सगळं पहिल्यांदा मन लावून वाचलं ते टॉमस बेकरने. तो कॉलेजचाच फेलो, म्हणजे कारभारात आणि उत्पन्नात वाटा असलेला सदस्य. त्याने एका राजाची शपथ घेतलेली होती. राजवंश बदलला तेव्हा नव्या राजाची शपथ घ्यायला त्याच्या सदसद्विवेकबुद्धीने नकार दिला आणि १७१७ मध्ये त्याची फेलोशिप गेली. कॉलेजने मात्र त्याला खोली सोडायला लावली नाही. आपल्या पुस्तकांवर तो नावापुढे ‘काढून टाकलेला फेलो’ असं लॅटिनमध्ये लिहीत राहिला आणि १७४० मध्ये मरेपर्यंत तिथेच राहून जुने कागद उतरवत राहिला. ज्या संस्थेने त्याचं पद काढून घेतलं, तिचाच इतिहास त्याने लिहिला. हस्तलिखितांचे त्याचे ४२ खंड आज ब्रिटिश लायब्ररी आणि केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात विभागलेले आहेत. त्याने लिहिलेला कॉलेजचा इतिहास छापून यायला १८६९ साल उजाडलं.

परंपरांच्या बाबतीत दप्तर फार उपयोगी पडतं, कारण डोळ्यांना प्राचीन दिसणारी परंपरा किती जुनी हे तेच सांगू शकतं. स्वर्गारोहणाच्या सणाला सेंट जॉन्सच्या चॅपेलच्या मनोऱ्यावरून गायकवृंद गातो. पाहणाऱ्याला ही मध्ययुगीन प्रथा वाटेल. पण चॅपेलच १८६९ चं आहे आणि प्रथा १९०२ ची. मनोरा १६३ फूट उंच. वरून गायलेलं खाली ऐकूच येणार नाही, असं भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ लारमोर म्हणाला. ऑर्गनवादक सिरिल रूथमने मुलांना वर नेऊन गायला लावलं आणि आवाज खाली पोहोचला. तेव्हापासून ही रीत चालू आहे. तिचं वय कळल्यामुळे ती मला कमी वाटत नाही, उलट जवळची वाटते.

रूथम-लारमोरच्या त्या वर्षी आपले रँग्लर र. पु. परांजपे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. दापोलीजवळच्या मुर्डीचा हा मुलगा फर्ग्युसनमधून १८९६ मध्ये सेंट जॉन्सला गेला. १८९९ मध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या क्रमांकाचा, म्हणजे सीनिअर रँग्लर झाला. तो क्रमांक त्याला दुसऱ्या एका विद्यार्थ्याबरोबर विभागून मिळाला होता. १९०१ मध्ये तो कॉलेजचा फेलो झाला. या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या सगळ्यांची नावं तेव्हा क्रमाने जाहीर होत आणि सगळ्या यादीत शेवटी येऊन उत्तीर्ण होणाऱ्याला विद्यार्थी पदवीदानाच्या सभागृहात लाकडी चमचा देत. १९०९ नंतर क्रमवार नावं वाचण्याची पद्धत बंद झाली आणि चमचाही बंद झाला. शेवटचा चमचा सेंट जॉन्सच्याच एका विद्यार्थ्याला मिळाला. तो होडी वल्हवणारा गडी होता, म्हणून वल्ह्यापासून बनवलेला, मीटरभराहून लांब, त्यावर ग्रीकमध्ये मजकूर. तो चमचा आजही कॉलेजजवळ आहे. दहा वर्षांच्या अंतराने एकाच कॉलेजने यादीचा पहिला आणि शेवटचा, दोन्ही मान मिळवले.

पुढच्या भागात भाडेपट्ट्यांच्या भाषेकडे वळू. सेंट जॉन्सच्या कुळांनी धान्याऐवजी रोकड द्यायला सुरुवात केली तेव्हा जादा पैसा कोणी वाटून घेतला आणि त्यावरून फेलोंमध्ये काय तंटे झाले, तो विषय स्वतंत्रपणे लिहावा असा आहे.